सहाचे नऊ घोडे

वामनरावांच्या चक्कीचं इंजिन सहा घोड्यांचं होतं, आणि हे सहाच्या सहा घोडे आपल्याशी वैर धरून बसलेत, अशी त्यांची अलीकडे खात्रीच झाली होती.

जानेफळात चक्की येऊन तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी माणसं नुसतं इंजिन बघायला यायची. पोरंसोरं धुराड्याखाली उभी राहायची, म्हातारे हात जोडायचे. आता हात कोणी जोडत नव्हतं. आता बायका दारात बसून बोटं मोडायच्या.

वामनरावांचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होई. चक्कीच्या मागच्या खोलीत इंजिन, पुढच्या खोलीत दळायचे दगड, मध्ये भिंत आणि भिंतीच्या खाचेतून गेलेला पट्टा. इंजिनाच्या डोक्याखाली दिवा लावून ते अर्धा तास तापवायचं, मग छातीएवढं चाक दोन्ही हातांनी फिरवायचं, शिव्या द्यायच्या, पुन्हा फिरवायचं. एकदा का ते चालू झालं की धुराड्यावर टांगलेलं पत्र्याचं डबडं कुक् कुक् करू लागे आणि अख्ख्या गावाला कळे की चक्की सुरू झाली. एकदा चालू केलेलं इंजिन मध्ये बंद करायची सोय नव्हती. थंड झालं की पुन्हा दिवा, पुन्हा अर्धा तास, पुन्हा शिव्या. म्हणून ते दिवसभर चालू ठेवायचं, आणि वामनरावांनी त्याच्याजवळच बसून राहायचं, पाणी बघत, तेल बघत, पट्ट्याला राळ चोळत. पहिल्या दळणाची हाक आली की मगच ते पुढे जात.

आणि ती हाक येई दहा-साडेदहाला. बायकांना घरची कामं असतात, भाकरी, सडासारवण, न्याहारी, त्याला कोण काय करणार, असं वामनरावांनी स्वतःला समजावलं होतं. पण साडेदहानंतर जी झुंबड उडे ती उडे. टोपल्यावर टोपली. माझं आधी, माझं आधी. दिवे लागले तरी सात-आठ टोपल्या तशाच राहत, आणि त्या टोपल्या डोक्यावर घेऊन परत जाताना बायका काय बोलत, ते वामनरावांच्या सात पिढ्यांना ऐकू गेलं असेल. आता तर काही जणी दोन कोस चालून शेषरावाच्या चक्कीवर जाऊ लागल्या होत्या. शेषरावाचं इंजिन नऊ घोड्यांचं होतं. हे त्याने स्वतः येऊन, वामनरावांच्या दारात उभं राहून, तंबाखू मळत सांगितलं होतं.

मग खामगावहून कंपनीचा माणूस आला. त्याने इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला की इंजिन नवं घ्यायची गरजच नाही. खालची बैठक हीच, चाक हेच. फक्त सिलिंडर काढायचं आणि मोठ्या बोराचं, म्हणजे रुंद पोकळीचं बसवायचं, त्यात मोठा दट्ट्या. आत जागा वाढली की ताकद वाढली. सहाचे नऊ घोडे. दगड मात्र मोठे घ्यावे लागतील, चोवीस इंचांचे तीस इंची. सगळं मिळून सव्वाचारशे रुपये.

"अन् लवकर ठरवा," जाता जाता तो म्हणाला. "विलायतेत लढाई लागायची लक्षणं आहेत. एकदा लागली की बोटीनं माल यायचा नाही, मग हजार दिले तरी मिळणार नाही."

वामनरावांनी पंचवीस रुपये इसार देऊन टाकला. विलायतेतल्या लढाईचा आणि जानेफळच्या ज्वारीचा असा संबंध येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

बाकीचे चारशे कुठून आणायचे, याचं उत्तर एकच होतं. गावाला लागून त्यांची एक एकर मळी होती. भर उन्हाळ्यातही तिच्या विहिरीत पाणी असे. त्या मळीत त्यांची बायको गोजरबाई वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर काढी आणि बाजारच्या दिवशी डोक्यावरून नेऊन विकी. कागदावर मळी वामनरावांची होती, पण सासूने मरताना "हे गोजरचं" म्हणून सांगितलं होतं आणि वाफ्यांना गोजरबाईखेरीज कोणाचा हात लागत नव्हता. शेजारच्या वावराचे मालक भगवंतराव दहा वर्षांपासून त्या विहिरीवर डोळा ठेवून होते. शब्द टाकायचा अवकाश, त्यांनी लगेच गुरुवार ठरवला. दुपारी दोन पंच आणि स्टांपाचा कागद घेऊनच येतो म्हणाले.

गोजरबाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"इकाची म्हंता तं इका," ती म्हणाली. "कागद तुमच्याच नावावर हाय."

एवढंच. ती भांडली असती तर वामनरावांनाही भांडता आलं असतं. आता भांडायचं कोणाशी? ते नुसतेच चिडले, आणि चिडून भाकरी अर्धी टाकून उठले.

पुढचे चार दिवस त्यांनी स्वतःचा नुसता छळ मांडला. मोठं इंजिन घेतलं तर शेषरावाकडे गेलेल्या बायका परत येतील. पण मोठं इंजिन तेलही जास्त पिईल. दळण वाढलं नाही तर? पण दळण वाढेलच, टोपल्या परत जातात त्या काय हौसेनं जातात? पण मळी गेली तर पुन्हा तशी विहीर मिळायची नाही. पण चक्कीच बंद पडली तर विहिरीचं पाणी पिऊन दिवस काढायचे का? चौघांना विचारलं तर पाच मतं मिळाली. एक जण म्हणाला, बाराचंच घ्या. दुसरा म्हणाला, इंजिन विकून टाका अन् म्हशी घ्या. वामनरावांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

बुधवारी संध्याकाळी चिखलीहून लॉरीने पुंजाजी मिस्त्री उतरले. मोठ्या सिलिंडरचे धक्के इंजिनाची बैठक सोसेल का, हे आधी बघून घ्या, असं कंपनीच्या माणसानेच सांगितलं होतं. पुंजाजी बारीक, काळा, फार न बोलणारा माणूस. खिशात घड्याळ आणि कानावर विडी. त्यांनी सिलिंडरचं डोकं उघडलं, आत बोट फिरवलं, दट्ट्याच्या कड्या बघितल्या, बोर मापला.

"काई बिघाड नाई," ते म्हणाले.

"बिघाड नाई?" वामनराव उसळले. "अन् मंग टोपल्या वापस काऊन जाऊन राह्यल्या?"

"दिवसाचं दळण किती?"

"बारा मण."

"सहा घोड्याचं इंजिन तासाले दीड मण आरामात दळते. म्हंजे बारा मणाचे आठ तास. चालू कवा करता?"

"सकाळी सहाले."

"तं दोन वाजता बंद व्हाले पाह्यजे. तुमी दिवेलागणीपावतर बसता. मधले चार-पाच तास गेले कुठी?"

वामनरावांना हा प्रश्न म्हणजे अपमान वाटला. आपण दिवसभर तेलात हात घालून बसतो आणि हा चिखलीचा माणूस आपल्याला तास मोजून दाखवतो!

"इंजिन रिकामं फिरते का?" पुंजाजींनी विचारलं.

"दहापावतर फिरते ना! बायकाइले घरची कामं रायतात, त्याच्या आधी कोनी दळण टाकत नाई, त्याले मी काय करू?"

"मंग उद्या इंजिन मी पाह्यतो. मले आवाज आयकाचा हाय. तुमी म्होरं बसा."

अशा रीतीने गुरुवारी सकाळी, तीन वर्षांत पहिल्यांदाच, वामनराव आपल्या चक्कीच्या पुढच्या खोलीत इंजिन चालू व्हायच्या आधीपासून बसले. रात्री साफ केलेले दगड लख्ख होते. या साफसफाईचा त्यांना फार अभिमान होता. पीठ आत राहिलं तर अळ्या होतात म्हणून ते रोज संध्याकाळी दगडांवरचं लाकडी झाकण उघडून, कुंचा घेऊन, कणन् कण झाडून काढत. झाडलेलं पीठ बैलांच्या आंबोणात जाई. एवढी निगा राखणारा चक्कीवाला मेहकर तालुक्यात दुसरा नाही, असं ते भेटेल त्याला ऐकवत.

डबडं कुक् कुक् करू लागलं. दहा मिनिटांत शालूबाई आली. टोपली भिंतीला लावून ठेवली आणि पदर सावरून बसली. मग रुखमाबाई, मग आणखी तिघी. सात वाजेपर्यंत अकरा टोपल्या लागल्या. मागे इंजिन धडधडत होतं, पट्टा सळसळत होता, वरचा दगड रिकामा गरगरत होता, आणि अकरा बायका भिंतीला टेकून कोणाच्या सुनेला कितवा महिना लागला याचा हिशेब करत होत्या.

"शालूबाई, आना ना दळण," वामनराव म्हणाले.

"मले घाई नाई भाऊ. रुखमाबाईचं टाका."

"रुखमाबाई?"

"माह्यं मंग टाका. माह्यी सासू येऊन राह्यली, थे आली का देतो."

तिसरीचं मीठ आणायचं राहिलं होतं. चौथी पाचवीकडे बघत होती आणि पाचवी छताकडे. आठ वाजले. वामनराव उठले, बसले, पुन्हा उठले. पुंजाजींनी दारातून डोकावून एकदा रिकाम्या दगडाकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेले. ते न बोलणं वामनरावांच्या जिव्हारी लागलं. आतापर्यंत दाबून धरलेला सगळा राग उसळून वर आला.

"तुमी मानसं हायेत का कोन हायेत?" ते ओरडले. "दोन तास झाले इंजिन तेल पिऊन राह्यलं! अन् संध्याकाळी मलेच शिव्या देता का वामनरावचं इंजिन मरतुकडं! अवं, तुमच्यापायी मी मळी इकून राह्यलो. आज कागद व्हाचा हाय. मोठं इंजिन आनून राह्यलो, मोठं जातं आनून राह्यलो. अन् तुमी इथं बसून गप्पा ठोकता?"

मग रुखमाबाईने हळूच विचारलं, "जातं बी मोठं का?"

"तीस इंची."

"मंग थे किती खाईन वं?" ती शालूबाईला म्हणाली. शालूबाईने तोंडाला पदर लावला.

"काय खाईन?" वामनरावांनी विचारलं. "अवं, काय खाईन? सांगा ना कोनी!"

कोपऱ्यात झुंबरबाई बसली होती. सत्तरीची, वामनरावांच्या आईची मैत्रीण. त्यांना अरेतुरे करणारी गावात आता तेवढीच उरली होती.

"पीठ, बाबा," ती म्हणाली. "पयल्या दळणाचं पीठ. तू रातच्याले जातं झाडून रिकामं करतं ना? मंग सकाळी जो पयले टाकन, त्याचं दोन शेर पीठ त्या झाकणाच्या आत, कडेकडेनं बसते. थे भरल्याबिगर बाहीर पीठ येतच नाई. मागच्याचं मंग सारं येते. पयल्याचंच जाते. म्हून कोनी पयलं टाकत नाई. ज्याच्या घरी पाव्हना आला, ज्याचा इलाजच नाई, थो टाकते. चोवीस इंचाचं जातं दोन शेर खाते, तं तीस इंचाचं चार खाईन का नाई?"

रोज संध्याकाळी झाडलेलं ते पीठ वामनरावांनी हाताने उचललं होतं. दोन शेरच भरायचं. सगळ्यांचं थोडंथोडं उडालेलं असेल, असं ते समजत आले होते.

"मले कोनी सांगितलं काऊन नाई?"

"तुले काय सांगाचं? पीठ तूच नेतं," झुंबरबाई म्हणाली. "तुह्ये बैल पाह्यले का कसे माजले हायेत?"

त्यावर मात्र हसू फुटलं. अकराजणी हसल्या. मागच्या खोलीतून पुंजाजींचाही खोकल्यासारखा आवाज आला. वामनरावांचे कान तापले. तीन वर्षं! तीन वर्षं रोज चार तास फुकट तेल जाळलं, शेषरावाने तोंडासमोर मळलेली तंबाखू सोसली, आणि कारण काय, तर आपला कुंचा! जोडे घातले की नाही याचीही शुद्ध न राहता ते तसेच घराकडे निघाले. पहिलं दळण घरचं टाकायचं. पीठ बसलं तर आपलं बसेल, संध्याकाळी झाडून आपलंच घरी येईल. एवढी साधी गोष्ट, आणि त्यासाठी ते सव्वाचारशे रुपये मोजायला निघाले होते.

"गोजरे, दोन पायल्या ज्वारी काढ," ते दारातूनच म्हणाले, आणि थांबले.

गोजरबाई ओसरीवर जात्याशी बसली होती. पहाटेचं दळण कधीच झालं होतं. खुंटा मोकळा होता आणि ती जात्याच्या पाळूत, कडेकडेने उरलेलं पीठ फडक्याने गोळा करत होती. हे दृश्य त्यांनी आयुष्यात हजारदा बघितलं असेल.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"काय म्हंजे? दळण."

"चक्की आपली हाय. तू घरी काऊन दळतं?"

थट्टा करतात की काय, असं तिला वाटलं असावं.

"चक्की आली त्या दिशी तुमीच म्हनले होते. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं मागून. मागून म्हंजे टोपल्याच सरत नाई. अन् दिवा लागला का तेल जळते म्हून तुमी इंजिन बंद करता."

"तीन वर्सं?"

"मंग भाकरी कायच्या खाता तुमी?"

वामनराव ओसरीच्या कडेला टेकले. त्यांनी विचारलं, "पयल्या दळणाचं दोन शेर जाते, थे तुले ठाऊक होतं?"

"साऱ्या गावाले ठाऊक हाय."

"मंग मले नाई सांगाचं?"

गोजरबाईने फडकं झटकलं. "मले वाटलं तुमाले ठाऊक हाय," ती म्हणाली. "बैलाचं भागते म्हून तुमी मुद्दाम…"

गावाने आपल्याला पीठचोर समजावं, हे एक वेळ वामनरावांनी पचवलं असतं. पण बायकोही तेच समजून, तोंडातून अक्षर न काढता, तीन वर्षं त्यांच्या ताटात भाकरी वाढत होती. त्यांना ओरडावंसं वाटलं. कोणावर, ते कळेना. गोजरबाई मात्र तोवर उठली होती. तिने टोपलीत ज्वारी मापली, डोक्यावर घेतली आणि चक्कीकडे चालू लागली. वामनराव तिच्या मागून गेले.

तिने टोपली दगडाच्या तोंडाशी नेऊन ओतली. "पयलं माह्यं," ती म्हणाली. तिचं पीठ पडायला लागलं न लागलं तोच शालूबाई उठली, रुखमाबाई उठली, आणि तिला येणाऱ्या सासूची आठवणसुद्धा उरली नाही. टोपलीमागून टोपली सरकली. उशिरा सुरू होऊनही दिवे लागायच्या कितीतरी आधी दगडाखाली शेवटची टोपली आली, आणि ती उचलून बाई गेल्यावर खोलीत कोणीच उरलं नाही. वामनरावांनी इंजिन बंद केलं. बाहेर अजून ऊन होतं. एवढ्या उजेडात चक्की बंद करून काय करायचं, हेच त्यांना सुचेना.

त्याआधी दुपारी भगवंतराव पंचांसह आले होते.

"मळी इकाची नाई," वामनरावांनी सांगितलं.

"नाई म्हंजे? म्या स्टांप आनला ना! मानसं आनली!"

"नाई म्हंजे नाई."

"काऊन पन? भाव कमी वाटला का?"

काय सांगणार? कुंच्याची गोष्ट सांगितली असती तर ती संध्याकाळपर्यंत मेहकरला पोचली असती. भगवंतराव शब्दाला न जागणाऱ्या माणसांविषयी मोठ्याने बोलत निघून गेले. कंपनीचा इसार बुडाला तो बुडालाच. पुंजाजींनी काही दुरुस्त केलं नव्हतं, तरी दोन रुपये आणि लॉरीचं भाडं घेतलं. जाताना म्हणाले, "इंजिन चांगलं हाय. जपा." वामनरावांना त्यांचा गळा धरावासा वाटला.

संध्याकाळी जेवताना ते गोजरबाईला म्हणाले, "उद्यापासून रोज घरचं दळण पयलं टाकाचं. जात्यावर बसाचं नाई."

"बरं," ती म्हणाली आणि वांग्याची भाजी वाढली. मळीतलीच वांगी होती.

दुसऱ्या दिवशी वामनरावांना जाग आली ती डोळ्यांवर ऊन आल्यामुळे. ते धडपडून उठले. इतका उशीर त्यांना आजारपणातही झाला नव्हता. तोंडावर पाणी मारून ते चक्कीकडे धावले. दाराला कुलूप, इंजिन थंड, आणि बाहेर बायकांची ही रांग. यावेळी मात्र खरीखुरी रांग होती. टोपलीला टोपली लागलेली, आणि सगळ्यात पुढे गोजरबाईची.

"आज झोप लागली का, भाऊ?" रुखमाबाईने विचारलं.

वामनरावांनी फाडकन उत्तर द्यायला तोंड उघडलं. मले कोनी उठवलं काऊन नाई, हे शब्द ओठांवर होते. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की त्यांना कधीच कोणी हाक मारून उठवलं नव्हतं. लहानपणी आई अंधारात जात्याशी बसायची, त्या घरघरीने ते उठायचे. आई गेली आणि तिच्या जागी गोजरबाई बसली, आणि घरघर चालूच राहिली, इतकी की ती कोणाच्या तरी हातांनी होते हे ते विसरून गेले होते. रोज पहाटे त्या आवाजाने उठून ते इंजिन तापवायला येत होते.

आज घरात तो आवाज झाला नव्हता.

गोजरबाई भिंतीला टेकून इतर बायकांमध्ये बसली होती. हात मांडीवर होते आणि हातात काहीच काम नव्हतं. त्यांनी बघितलं तशी ती किंचित संकोचली आणि पदराशी चाळा करू लागली. कंबरेची किल्ली काढून वामनरावांनी कुलूप उघडलं आणि ते दिवा पेटवायला मागच्या खोलीत गेले.